नख, नखी, खूर: लॅटिन शास्त्रीय शब्द कसे फोडायचे आणि मराठीत कसे लिहायचे

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला ‘ऑस उंगुलारे’ भेटते. त्वचारोगाच्या केसपेपरवर ‘टिनिया उंग्विउम’ असते. फुलाच्या आकृतीखाली ‘अंग्विक्युलेट पाकळी’ असे लिहिलेले असते आणि चवळीचे शास्त्रीय नाव ‘विग्ना उंग्विकुलाटा’. ही सगळी एकाच लॅटिन शब्दाची पिलावळ आहे, पण विद्यार्थी ती वेगवेगळ्या विषयांत वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मूळ शब्द चार-पाचच आहेत. ते, त्यांना लागणारे प्रत्यय आणि नेहमीचे चकवे कळले की नवा शब्दही फोडून वाचता येतो.

आधी एक ढोबळ नियम लक्षात ठेवावा. भाग किंवा जागा सांगायची असेल तर शब्द लॅटिन. रोग सांगायचा असेल किंवा प्राण्याला नाव द्यायचे असेल तर बहुधा ग्रीक. बोट दारात सापडून नखाखाली रक्त साकळले तर जागा सांगणारे ‘सबअंग्वल’ हे विशेषण लॅटिन. त्याच नखाला बुरशी लागली तर ‘ओनिकोमायकोसिस’ हे नाव ग्रीक. अपवाद आहेत, पुढे येतीलच. पण शब्द कोणत्या खणातला हे एकदा ठरले की अर्धे काम होते.

मूळ शब्द

उंग्विस (रोमन लिपीत यू-एन-जी-यू-आय-एस) म्हणजे नख. रोमन लोक माणसाचे नख, मांजराची नखी आणि घारीची नखी या सगळ्यांना हाच शब्द वापरत. म्हणून जुन्या मजकुरात उंग्विस दिसले की लगेच माणसाचे नख समजू नये. प्राणी कोणता ते आधी पाहावे.

उंगुला (यू-एन-जी-यू-एल-ए) म्हणजे खूर. व्याकरणाने हे उंग्विसचेच लघुत्वदर्शक रूप, म्हणजे ‘छोटे नख’. घोड्याचा खूर छोटा कसा, असा प्रश्न पडतो. लॅटिनमध्ये अशी रूपे रुळली की आकाराचा अर्थ मागे पडतो आणि वेगळ्या वस्तूचे नाव तेवढे उरते.

उंग्विकुला म्हणजे नखी. मराठीत नखवरून नखी झाली तसाच हा प्रकार. पशुशरीरशास्त्राची आंतरराष्ट्रीय नामावली, म्हणजे ‘नॉमिना अनाटॉमिका व्हेटेरिनारिया’, १९६८मध्ये पहिल्यांदा निघाली. तिच्या पद्धतीत कुत्र्यामांजराच्या नखीला उंग्विकुला आणि घोडा, गाय, डुक्कर यांच्या खुराला उंगुला म्हणतात. पशुवैद्यकाच्या उत्तरपत्रिकेत ही वाटणी पाळावीच लागते.

फाल्कुला हाही नखीचाच शब्द, पण तो आला ‘फाल्क्स’वरून, म्हणजे विळ्यावरून. बाकदार, दोन्ही बाजूंनी चपटी, टोकाला अणकुचीदार नखी ती फाल्कुला. हा फाल्क्स मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीचा आहे: मलेरियाच्या तपासणीत येणारे ‘फाल्सिपेरम’ त्याचेच, कारण त्या परजीवीची एक अवस्था विळ्याच्या आकाराची दिसते. माकडे आणि वानरांच्या अभ्यासात फाल्कुलाच्या जोडीला ‘टेगुला’ येतो. टेगुला म्हणजे छपराचे कौल. रुंद, चपट्या नखासाठी हा शब्द वापरतात. म्हणजे या अभ्यासकांची त्रयी अशी: नखी ती फाल्कुला, चपटे नख ते टेगुला, खूर ती उंगुला.

ग्रीकमधून आलेला मुख्य शब्द ‘ओनिक्स’. शब्द जोडताना त्याचे रूप ‘ओनिक-’ होते. संस्कृत नख, ग्रीक ओनिक्स आणि लॅटिन उंग्विस हे एकाच जुन्या मुळातून फुटलेले मानतात. दुसरा ग्रीक शब्द ‘खेले’, त्याचे लॅटिन रूप ‘केला’ (सी-एच-ई-एल-ए): खेकड्याची किंवा विंचवाची नांगी. ती नख नव्हे. नांगी म्हणजे पायाचा शेवटचा खंड आणि त्याच्या आधीच्या खंडाचा पुढे वाढलेला भाग यांचा चिमटा. त्यामुळे खेकड्याच्या वर्णनात उंग्विस घालून चालत नाही.

उच्चार

मराठी लेखनात सर्वात जास्त घोळ इथे होतो. नियम साधा आहे. एन-जी-यू नंतर स्वर आला तर ‘ग्व’: उंग्विस, उंग्वेस, उंग्विउम, उंग्विकुला. व्यंजन आले तर ‘गु’: उंगुला, उंगुलाटा. ‘उंगुइस’ आणि ‘उंग्वुला’ ही दोन्ही रूपे चूक. मराठीत ग-च्या आधीचा अनुस्वार आपोआप ‘ङ्’ असा उच्चारला जातो आणि लॅटिनमध्येही तिथे तोच नाद आहे, त्यामुळे ‘उं’ लिहिले की पुरते.

इंग्रजीतून आलेल्या विशेषणांत पहिला स्वर ‘अ’ होतो: अंग्युलेट, अंग्वल, सबअंग्वल. दवाखान्यात आणि वर्गात हेच उच्चार चालतात, ते चूक नाहीत. फक्त एकाच परिच्छेदात ‘उंगुलाटा’ आणि ‘अंग्युलेटा’ अशी सरमिसळ करू नये. लॅटिन नाव असेल तर ‘उं’, इंग्रजी विशेषण असेल तर ‘अं’.

प्रत्यय ओळखा, मग अर्थ लावा

उंग्विसची एकवचनातली प्रथमा आणि षष्ठी सारखीच दिसतात. ‘कॉर्पस उंग्विस’मध्ये उंग्विस षष्ठीत आहे: नखाचे शरीर, म्हणजे नखाचा डोळ्यांना दिसणारा मुख्य पत्रा. दोन नामे शेजारी आली आणि दुसरे उंग्विस असेल तर बहुतेक वेळा ‘नखाचा, नखाची, नखाचे’ असेच वाचावे. अनेकवचन उंग्वेस (नखे) आणि उंग्विउम (नखांचा). म्हणून टिनिया उंग्विउम म्हणजे ‘नखांची टिनिया’; टिनिया हा गजकर्णासारखा बुरशीचा रोग. यात ‘यू’नंतरचा ‘आय’ गाळून ‘उंगुम’ लिहिण्याची चूक फार दिसते. हा शब्द लॅटिन नामांच्या तिसऱ्या गणातल्या (रूपे चालवण्याच्या तिसऱ्या गटातल्या) आय-वर्गाचा असल्यामुळे तो ‘आय’ तिथे हवाच.

उंगुला पहिल्या गणातला, म्हणून सोपा. उंगुलाए म्हणजे ‘खुराचा’ किंवा ‘खुरे’. उंगुलारुम म्हणजे ‘खुरांचा’.

विशेषणे दोन जातींची. ‘-आरिस’वाली ‘च्या संबंधीचे’ असे सांगतात: उंगुलारिस, उंग्विकुलारिस. ‘-आटुस’वाली ‘असलेला’ असे सांगतात: उंगुलाटुस म्हणजे खूर असलेला, उंग्विकुलाटुस म्हणजे नखी असलेला. दोन्ही विशेषणे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. कार्टिलागो (कूर्चा) स्त्रीलिंगी, म्हणून ‘कार्टिलागो उंगुलारिस’. ऑस (हाड) नपुंसकलिंगी, म्हणून ‘ऑस उंगुलारे’. ‘ऑस उंगुलारिस’ लिहिले तर मार्क जातातच.

हाच नियम प्राणी-वनस्पतींच्या नावांत कसा चालतो ते चवळीवर पाहावे. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने तिला ‘डोलिकॉस’ या पुल्लिंगी प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवले, म्हणून नाव ‘डोलिकॉस उंग्विकुलाटुस’. पुढे ती ‘विग्ना’ या स्त्रीलिंगी प्रजातीत गेली आणि विशेषण ‘उंग्विकुलाटा’ झाले. प्रयोगशाळांत पाळला जाणारा मंगोलियन जर्बिल हा छोटा उंदीर ‘मेरिओनेस उंग्विकुलाटुस’, कारण मेरिओनेस पुल्लिंगी. याउलट मांजरनखी वेलीच्या नावात ‘उंग्विस-काती’ आहे. हे विशेषण नव्हे. ‘मांजराचे नख’ असे नाम आणि त्याची षष्ठी. वेल आधी बिग्नोनिया होती, मग माकफाडिएना झाली, आता डोलिकांड्रा आहे. तिन्ही वेळा उंग्विस-काती जसेच्या तसे राहिले. नामाला लिंगाप्रमाणे बदलायचे नसते, आणि मधली जोडरेघ गाळायची नसते.

नख, नखी आणि खूर यांची एकच रचना

शब्द कायमचे डोक्यात बसवायचे असतील तर रचना समजून घेणे हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. तिन्हींत केराटिनचे (केस-नखांतल्या टणक प्रथिनाचे) दोन थर असतात: वरचा टणक ‘उंग्विस’ आणि खालचा तुलनेने मऊ ‘सबउंग्विस’. इथे उंग्विस हा शब्द नखाचे नाव म्हणून नव्हे, थराचे नाव म्हणून वापरलेला असतो. तुलनात्मक शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तो याच अर्थाने येतो.

नखीत वरचा थर दोन्ही बाजूंनी खाली वळतो आणि खालच्या थराला कवेत घेतो; टोकाला दोन्ही एकत्र येऊन अणी तयार होते. माणसाच्या नखात वरचा थर पसरून चपटा झाला आहे आणि सबउंग्विस जवळजवळ नाहीसा. खुरात वरचा थर बोटाच्या टोकाभोवती जाड भिंतीसारखा वळतो, खालचा थर तळवा बनतो. वाघाची नखी, आपले नख आणि म्हशीचा खूर यांत बदलते ते या दोन थरांचे प्रमाण.

एकाच प्राण्यात दोन प्रकारही सापडतात. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट माकडांना फक्त पायाच्या अंगठ्याला चपटे नख असते, बाकी बोटांना नख्या. आपल्या दक्षिण भारतातल्या लाजवंतीच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला केस विंचरायला नखी असते, बाकीच्यांना नखे. अशा प्राण्याचे वर्णन करताना सरसकट ‘नखे’ लिहिले तर माहितीच चुकते. बोट सांगून टेगुला की फाल्कुला ते लिहावे.

कीटकांत याच शब्दाचा वेगळा उपयोग आहे. त्यांच्या पायाच्या टोकाशी असणाऱ्या अंकुशांना उंग्वेस म्हणतात आणि ते ओढणाऱ्या पट्टिकेला ‘अंग्विट्रॅक्टर’. बहुतेक कीटकांना प्रत्येक पायाला दोन उंग्वेस असतात. डोक्यातल्या उवेला एकच असतो आणि त्याच्या चिमट्यात ती केस पकडते. हे अंकुश कायटिनचे, केराटिनचे नाहीत. नाव एक असले तरी पदार्थ वेगळा.

माणसाच्या नखाचे शब्द

स्वतःच्या हाताच्या अंगठ्याकडे पाहात वाचावे. बुडाशी दिसणारी पांढरी चंद्रकोर ती ‘लुनुला’, म्हणजे छोटा चंद्र. अंगठ्याला ती स्पष्ट असते, करंगळीला अनेकदा दिसतच नाही. नख ज्या कातडीच्या घडीत रुतलेले असते ती ‘व्हालुम उंग्विस’; व्हालुम म्हणजे तटबंदी. मोकळी वाढणारी, आपण कापतो ती कड ‘मार्गो लिबेर’. कातडीखाली लपलेली मागची कड ‘मार्गो ओकुल्टुस’. नख तयार करणारा भाग ‘माट्रिक्स उंग्विस’. हे सगळे भागांचे शब्द, म्हणून लॅटिन.

इथेच पहिले अपवाद भेटतात. मागच्या घडीची नखावर चढलेली पातळ किनार ‘एपोनिकियम’ आणि मोकळ्या कडेखालची कातडी ‘हायपोनिकियम’ हे भागच आहेत, पण शब्द ग्रीक. ते तसेच रुळले आहेत, बदलू नयेत.

रोगांकडे वळले की ओनिक- सुरू होते. नखाच्या कडेला सूज येऊन पू होतो, ज्याला आपण नखुरडं म्हणतो, तो ‘पॅरोनिकिया’: पॅरा म्हणजे शेजारी. लोहाच्या कमतरतेत दिसणारे खोलगट नख ‘कॉइलोनिकिया’: कॉइलॉस म्हणजे पोकळ. नख खालच्या कातडीपासून, म्हणजे नखशय्येपासून, सुटणे ‘ओनिकोलिसिस’, नखे कुरतडण्याची सवय ‘ओनिकोफेजिया’, जाड होऊन वाकडे वळलेले नख ‘ओनिकोग्रायफोसिस’. उच्चारात ‘को’ आहे, ‘चो’ नाही. रोमन लिपीतले सी-एच पाहून ‘ओनिचोमायकोसिस’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

लॅटिन असूनही रोगाचे नाव असलेले दोन शब्द पक्के करावेत. ‘उंग्विस इनकार्नाटुस’ म्हणजे मांसात रुतलेले नख. कारो, कार्निस म्हणजे मांस. याचे ग्रीक नाव ‘ओनिकोक्रिप्टोसिस’. दुसरे टिनिया उंग्विउम. ते आणि ओनिकोमायकोसिस एकच नव्हे. टिनिया फक्त डर्मॅटोफाइट गटातल्या, म्हणजे त्वचा, केस आणि नखांतल्या केराटिनवर जगणाऱ्या, बुरशीने होते. ओनिकोमायकोसिसमध्ये यीस्ट आणि इतर बुरशीही येतात. म्हणजे प्रत्येक टिनिया उंग्विउम ओनिकोमायकोसिस असते, उलटे खरे नाही. तपासणी होण्याआधी केसपेपरवर टिनिया लिहिणे म्हणजे बुरशीचा गट आधीच ठरवून टाकणे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहूनही हळू. त्यामुळे पायाचे अख्खे नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागते आणि औषधाचा परिणाम नखावर दिसायलाही तेवढाच धीर धरावा लागतो.

नवा शब्द बनवताना लॅटिन मूळ आणि ग्रीक प्रत्यय एकत्र करू नयेत. ‘उंग्विमायकोसिस’ किंवा ‘सबओनिकियल’ असे काही नसते. दोन्ही लागले तर दोन स्वतंत्र शब्द शेजारी ठेवतात: ‘सबअंग्वल हायपरकेराटोसिस’.

एक शब्द या नियमांना पार चकवा देऊन गेला आहे: ‘पॅनॅरिशियम’, बोटाच्या टोकाला होणारा पुवाचा ठणका. दिसायला अस्सल लॅटिन, पण तो पॅरोनिकियाचाच उत्तरकालीन लॅटिनमधला अपभ्रंश आहे. युरोपातल्या पशुवैद्यकात गुरांच्या खुरांमधल्या अशाच विकारालाही तो लावलेला आढळतो.

खुराचे शब्द

घोड्याचा पाय उचलून खूर उलटा धरला की बाहेरून आत असे वाचत जावे. बाहेरची भिंत ‘पारिएस कॉर्नेउस’, पारिएस म्हणजे भिंत. तिच्या आतल्या कडेला फिकट रंगाची अरुंद पट्टी ‘झोना आल्बा’. मग तळवा, ‘सोलेआ कॉर्नेआ’. मागच्या बाजूने मध्यभागी घुसलेला त्रिकोणी, रबरासारखा दबणारा भाग ‘कुनेउस कॉर्नेउस’. कुनेउस म्हणजे पाचर, इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात. खुराच्या वरच्या कडेचा, केस संपतात तिथला पट्टा ‘कोरोना’.

यात ‘सोलेआ कॉर्नेआ’ पाहून डोळ्याचा कॉर्निआ आठवतो. दोन्ही ‘कॉर्नू’, म्हणजे शिंग, यावरूनच आले. पण इथे कॉर्नेआ हे विशेषण आहे आणि अर्थ ‘शिंगासारख्या पदार्थाचा’. कुनेउस पुल्लिंगी म्हणून कॉर्नेउस, सोलेआ स्त्रीलिंगी म्हणून कॉर्नेआ.

झोना आल्बा नुसती पाठ करण्याची गोष्ट नाही. नालबंद नाल ठोकतो तेव्हा खिळा या रेषेच्या बाहेरून, निर्जीव भिंतीतूनच जायला हवा. रेषेच्या आत गेला तर जिवंत भागाला टोचतो, घोडा लंगडतो आणि आत पू होऊ शकतो. खुराच्या आतले हाड ते ऑस उंगुलारे, बोटाचे शेवटचे हाड. ते भिंतीला आतून सुमारे ६०० मुख्य पडद्यांनी, म्हणजे लॅमेलांनी, टांगलेले असते. त्यांना सूज आली की ‘लॅमिनायटिस’. लॅटिन मूळ आणि ग्रीक ‘-आयटिस’ अशी ही सरमिसळच आहे, पण ती इतकी रुळली की आता तक्रार करण्यात अर्थ नाही. पडदे सुटले की हाड भिंतीपासून ढळते, आणि क्ष-किरण अहवालात याच हाडाचे फिरणे लिहिलेले असते.

गायीच्या पायाला मुख्य खुरे दोन, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांची. म्हणून ऑस उंगुलारे प्रत्येक पायात दोन. लाळ्या खुरकूत झाल्यावर फोड येतात ते खुरांच्या मधल्या फटीत आणि कोरोनावर. अहवालात ‘इंटरडिजिटल’ आणि ‘कोरोनरी’ हे दोन शब्द दिसले की याच जागा समजाव्यात. इथे कोरोनरीचा हृदयाशी संबंध नाही. गायीच्या पायामागे वर लोंबणारी दोन छोटी खुरे म्हणजे दुसरे आणि पाचवे बोट. इंग्रजीत त्यांना आणि कुत्र्याच्या पायाच्या आतल्या बाजूच्या सुट्या नखीला एकच शब्द आहे, ‘ड्यूक्लॉ’. कुत्र्याची ती नखी पहिल्या बोटाची असते. अनुवाद करताना प्राणी न पाहता एकच मराठी शब्द लावला की बोट चुकते.

मांजराच्या बाबतीत एक शब्द मुद्दाम जपून वापरावा: ‘ओनिकेक्टमी’. शब्दशः अर्थ नख काढणे, पण शस्त्रक्रियेत नखीबरोबर बोटाचे शेवटचे हाड, ऑस उंग्विकुलारे, काढतात. नखी उगवते ती त्या हाडाच्या टोकावरच, हाड ठेवले तर ती परत येते. त्यामुळे मराठीत ‘नखे काढली’ लिहिणे अपुरे आहे. ‘नखीसह बोटाचे शेवटचे हाड काढले’ असे लिहावे.

खुरी प्राणी: मोजणीचा चकवा

उंगुलाटा म्हणजे ‘खुरे असलेले’ प्राणी. त्यांचे दोन मोठे गण, पेरिसोडॅक्टिला आणि आर्टिओडॅक्टिला, ही नावे रिचर्ड ओवेनने १८४८मध्ये दिली. दोन्ही ग्रीक, आणि त्यांत ‘डॅक्टिलॉस’ म्हणजे बोट आहे, खूर नव्हे. मराठीत विषमखुरी आणि समखुरी रूढ झाले ते चालेल, पण खुरे मोजून गण ठरवू नये. टापिरच्या पुढच्या पायांना चार बोटे असतात, तरी तो विषमखुरी. खरी कसोटी पायाचा मध्य कुठून जातो ही: तिसऱ्या बोटातून गेला तर विषमखुरी, तिसऱ्या-चौथ्याच्या मधून गेला तर समखुरी. उंट समखुरी आहे, पण खुरांवर नव्हे, गादीवर चालतो. त्याला पुढे नखे तेवढी दिसतात.

हत्तीला नखे आहेत, तो उंगुलाटात बसत नाही आणि अगदी बाहेरही ठेवता येत नाही, या पेचातून ‘पेनुंगुलाटा’ हे नाव आले. लॅटिन ‘पाएने’ म्हणजे जवळजवळ. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सनने १९४५मध्ये हत्ती, हायरॅक्स आणि समुद्रगायी यांना या नावाखाली एकत्र आणले.

चालण्याच्या पद्धतीचे तीन शब्दही इथेच पक्के होतात. शेवटी ‘ग्रेड’, म्हणजे चालणारा. ‘अंग्युलिग्रेड’ खुरांच्या टोकावर (घोडा, चितळ), ‘डिजिटिग्रेड’ बोटांवर (वाघ, कुत्रा), ‘प्लँटिग्रेड’ पूर्ण तळव्यावर (अस्वल, माणूस). जंगलातले ठसे वाचताना एवढे पुरत नाही. कुत्रा आणि बिबट्या दोघेही डिजिटिग्रेड, पण कुत्र्याच्या ठशात नख्यांच्या खुणा सहसा उमटतात. बिबट्या त्या आत ओढून चालतो.

नामशेष प्राण्यांच्या नावांत मात्र ओनिक्सचेच राज्य आहे. जॉन ऑस्ट्रॉमने १९६९मध्ये नाव दिलेला डायनासोर ‘डायनोनिकस’, म्हणजे भयंकर नखी. ‘बॅरिओनिक्स’, म्हणजे जड नखी. ‘मेगालोनिक्स’ हे नाव थॉमस जेफरसनचे. मोठ्या नख्या पाहून त्याला तो सिंहासारखा प्राणी वाटला होता, निघाला स्लॉथ. पश्चिम घाटातल्या छोट्या पाणमांजराच्या प्रजातीचे नाव ‘एओनिक्स’. सुरुवातीचा ‘ए’ नकाराचा आहे, म्हणजे ‘बिननखी’. प्रत्यक्षात नख्या असतात, फक्त फार लहान.

पाकळीचे नख

वनस्पतिशास्त्रात उंग्विस म्हणजे पाकळीचा बुडाकडचा अरुंद, देठासारखा भाग. मराठी परिभाषेत त्याला ‘नखर’ म्हणतात. मे महिन्यात गुलमोहराचे फूल घ्यावे आणि एक पाकळी बुडातून अलगद ओढावी. वरचा पसरट लाल भाग आणि खाली निमुळता होत गेलेला लांब दांडा स्पष्ट वेगळे दिसतात. तो दांडा उंग्विस. गुलमोहराच्या ‘डेलॉनिक्स’ या प्रजातिनामात हेच आहे: ग्रीक ‘डेलॉस’ म्हणजे ठळक आणि ओनिक्स. शंकासुराच्या आणि मोहरीच्या पाकळ्यांतही नखर दिसते. जास्वंदाच्या पाकळीत शोधायला गेलात तर निराशा होईल. वर्णन लिहिताना काट्याला किंवा वेलीच्या आकड्याला अंग्विक्युलेट म्हणू नये. हा शब्द आधी पाकळीसाठी वाचावा, संदर्भ जुळला नाही तरच ‘नखीसारखे’ असा अर्थ घ्यावा.

दिसायला जवळचे, नात्याने परके

सर्वात धोक्याची जोडी ‘सबअंग्वल’ आणि ‘सबलिंग्वल’. पहिला नखाखालचा, दुसरा जिभेखालचा. छातीत दुखल्यावर ठेवायची गोळी सबलिंग्वल असते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत एका अक्षराने सगळे बदलते. ‘इंग्वायनल’ जांघेचा, ‘इंग्वेन’वरून. ‘उंग्वेंटुम’ म्हणजे मलम, चोळणे या अर्थाच्या क्रियापदावरून. नखाशी नाते नाही. ‘उंकुस’ म्हणजे आकडा. ‘अन्सिनेट’ त्यावरून आणि आकड्यासारखा हाच त्याचा अर्थ. हिमबिबट्याच्या ‘पँथेरा उन्सिया’मधल्या उन्सियात नख शोधू नये, तो लिंक्सच्या जुन्या फ्रेंच नावाचा अपभ्रंश आहे. ‘क्लावुस’ म्हणजे लोखंडी खिळा, आणि वैद्यकात पायाचे कुरूप. इंग्रजीत नख आणि खिळा यांना एकच शब्द असल्याने तिथला विद्यार्थी इथे अडखळतो. मराठी माणसाला अडखळायचे कारण नाही.

उलटी फसगतही होते. शब्द खरोखर उंग्विस, पण अर्थ नख नाही. जुन्या शरीरशास्त्रात ‘ऑस उंग्विस’ म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातले अश्रूंचे हाड. ते नखाएवढे पातळ असते, म्हणून हे नाव. आज त्याला ‘ऑस लाक्रिमाले’ म्हणतात. रोमन वैद्यकीय लेखक सेल्ससच्या लेखनात तर उंग्विस हे डोळ्यावर वाढणाऱ्या पडद्याचे, आजच्या टेरिजियमचे नाव आहे. जुना ग्रंथ भाषांतरित करताना आजूबाजूला डोळ्याचा उल्लेख आहे का, ते आधी तपासावे.

म्हणींत येणारे रूप ‘उंग्वे’ हे पंचमीचे: ‘एक्स उंग्वे लेओनेम’, नखीवरून सिंह ओळखावा. आपल्याकडे हे काम शितावरून भाताची परीक्षा करते. न्यूटनने नाव न घालता पाठवलेले गणिताचे उत्तर योहान बर्नुलीने ओळखले ते हीच म्हण वापरून.

मराठीत लिहिताना

नख, नखी, खूर आणि नांगी हे चार शब्द कटाक्षाने वेगळे वापरावेत. ‘पंजा’ म्हणजे अख्खा पाय. तो नखीच्या जागी घालू नये. जातीचे (स्पीशीजचे) नाव लिहिताना दोन्ही शब्द लिहावेत, कारण नुसते ‘उंग्विकुलाटा’ चवळीचेही असते आणि इतर अनेकांचेही. उंगुलाटा हे आधीच अनेकवचन आहे. ‘उंगुलाटाज’ नको, आणि वाक्यात ‘उंगुलाटा आहे’ नव्हे, ‘उंगुलाटा आहेत’. शब्दकोशात शोधताना रोमन लिपीत आधी यू-एन-जी-यू टाकावे. काही सापडले नाही तर ओ-एन-वाय-सी-एच. तिथेही नसेल तर तो नखाचा शब्द नसण्याचीच शक्यता जास्त.